परत येण्यासाठीच गेलेली माणसं

चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, दापोली या बाजूला किंवा गोव्यात सासष्टीत साठी ओलांडलेल्या माणसांशी गप्पांना बसावं, थोड्या वेळात कुवेत नाहीतर दुबई निघतेच. एका खोलीत सहा-आठ जण, जून-जुलैचा जीव काढणारा उन्हाळा, दोन वर्षांनी एकदा रजा. सांगतात हे सगळं, पण मायेनं सांगतात. मी शारजात नोकरीची वर्षं काढली आणि ती माया माझ्याही मनात आहे. नुसत्या पगाराकडे बोट दाखवून तिचं कारण कळत नाही. त्यासाठी तेलाच्याही आधीचं आखात पाहावं लागतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या बंदरांत भारतीय रुपया चालायचा. ब्रिटिश आखाताचा कारभार आधी मुंबई सरकारमार्फत आणि १८७३ नंतर भारत सरकारमार्फत बघत. आखातातले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत, आणि कुवेत-बहारीनचे अरब व्यापारी मुंबईत बिऱ्हाड करून राहत. म्हणजे आपण तिकडे गेलो त्याच्या कितीतरी आधी ते इकडे येत होते. स्वातंत्र्यानंतरही तिकडे रुपया चालू राहिला. पण त्या रुपयांवर सोनं घेऊन ते चोरून भारतात उतरवायचा धंदा फोफावला, आणि तिकडे साठलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे आल्या की त्यांच्या बदल्यात परकी चलन मोजावं लागे. म्हणून १९५९ मध्ये बँकेनं फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतनं १९६१ मध्ये आणि बहारीननं १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा कतार आणि दुबईनंही तो सोडला. ओमानमध्ये तेवढा १९७० पर्यंत टिकला.

जायची वाट समुद्राचीच होती. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत करत बसऱ्यापर्यंत जात. त्यांतली ‘डारा’ ८ एप्रिल १९६१ ला दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसं गेली. ‘द्वारका’ मात्र १९८२ पर्यंत या मार्गावर फिरत होती.

या सगळ्याहून मला महत्त्वाची वाटते ती कोकणी माणसाची चाकरमानी म्हणून झालेली घडण. कोकणातला पुरुष मुंबईला नोकरीला आणि घरदार गावी, ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची. लालबाग-परळला गावकीच्या खोल्या होत्या, मुसलमान गावांच्या जमातीच्या खोल्या होत्या, आगबोटीवर काम करणाऱ्या गोवेकरांचे धोबीतलाव-माझगावला गावागावांचे कूड, म्हणजे सामायिक राहायच्या जागा, होत्या. सगळीकडे रीत तीच: आपापल्या ट्रंका, ठरलेली झोपायची जागा, भाड्याची वर्गणी, नवख्याला पहिली नोकरी लागेपर्यंत सांभाळून घेणं आणि महिन्याला मनिऑर्डर. दुबईच्या देरा किंवा सातवा भागातली बॅचलर खोली म्हणजे याच खोलीचा पुढचा मुक्काम. मनिऑर्डरच्या जागी ड्राफ्ट आला, गणपतीच्या किंवा ईदच्या रजेऐवजी दोन वर्षांनी मिळणारी रजा आली. घरापासून लांब राहायला हा माणूस तिथे जाऊन शिकला नाही. आजोबा-वडिलांनी ते मुंबईत करून ठेवलं होतं. त्यामुळे अमेरिका-इंग्लंडला गेलेल्यांच्या आठवणींत परकेपणाशी झगडा दिसतो, तेवढा आखातवाल्यांच्या आठवणींत दिसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओघ वाढला तो तेलानं. ऑक्टोबर १९७३ मध्ये पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये १२ डॉलरच्या घरात गेला, आणि बंदरं, रस्ते, इस्पितळं, निवासी वसाहती सगळं एकदम उभं राहू लागलं. भरतीचं केंद्र मुंबईच होतं: एजंट, ट्रेड टेस्ट, मेडिकल, व्हिसा. त्यात फसवणूक इतकी झाली की १९८३ मध्ये उत्प्रवासन कायदा करावा लागला.

तिथला कायदा मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. कफील, म्हणजे हमी घेणारा तिथला मालक, असेपर्यंत व्हिसा, नोकरी असेपर्यंत मुक्काम. तीस वर्षं राहिलात तरी नागरिकत्वाची आशा जवळजवळ नाहीच. पगार ठराविक रकमेच्या वर असला तरच बायकोमुलांना नेता येई. शेवटी हातात ग्रॅच्युइटी पडे. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा. कफालतीनं, म्हणजे या कफीलच्या पद्धतीनं, अनेकांचे हाल केले, पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकले, आणि मायेनं बोलताना ते झाकू नये. पण परत जायचं आहे हे ठाऊक असल्यामुळेच माणसं तिथल्या दिवसांना जीव लावत. अमिरातीनं २०१९ मध्ये लांब मुदतीचा गोल्डन व्हिसा आणला, तोवर माझ्या पिढीतले बहुतेक जण गावी परतलेही होते.

तिथे तेव्हा शुक्रवार हा एकच सुटीचा वार असे. सकाळी कपडे धुवायचे, दुपारी कुणीतरी सुकटीचं कालवण आणि भात करायचा, संध्याकाळी अब्रात, म्हणजे तिथल्या होडीत, बसून दुबईची खाडी ओलांडायची आणि बर दुबईला मंदिराच्या गल्लीतून हार घेऊन मीना बाजारात फिरायचं. शारजात रोला चौकात तर गावची निम्मी बातमी तिथल्या तिथे कळे. फोन महाग, म्हणून कॅसेट भरून पाठवत. आईचा आवाज, मागे कोंबड्यांचा कालवा, सगळं त्यात येई, आणि ती कॅसेट खोलीतले सगळेच ऐकत. एप्रिल १९९८ मध्ये शारजाच्या मैदानावर सचिननं ऑस्ट्रेलियाविरुद्ध २२ तारखेला १४३ आणि २४ तारखेला, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, १३४ धावा काढल्या. साइटवरून तसेच आलेले मेसन आणि सुतार स्टँडमध्ये गळ्यात गळे घालून रडत होते. तसा आनंद मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

या नात्याची खरी परीक्षा १९९० मध्ये झाली. २ ऑगस्टला इराकनं कुवेत घेतलं आणि एका दिवसात नोकरी, बँकेतली शिल्लक, भांडीकुंडी सगळं गेलं. बसमधून, मिळेल त्या वाहनातून वाळवंट ओलांडत लोक जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले, तिथल्या छावण्यांत थांबले आणि एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला उतरले. अशी जवळपास १ लाख ७० हजार माणसं भारत सरकारनं परत आणली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत नुकसानभरपाई मिळाली. पण ती हातात पडायला वर्षं लागली, आणि तोवर त्यांतले कितीतरी जण कुवेतला पुन्हा कामावर रुजूही झाले होते.