दुर्बल मधुमेही ज्येष्ठांसाठी व्यायाम व शिक्षण कार्यक्रम

साधारण सत्तरीपुढच्या, मधुमेह असलेल्या आणि वजन, ताकद व चाल यांत उतार लागलेल्या व्यक्तींसाठी आखलेला काही आठवड्यांचा संयुक्त उपचार. स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, आहार-औषधांचे शिक्षण आणि साखरेचे उद्दिष्ट सैल करणे या तीन गोष्टी त्यात एकत्र चालतात. तिसरी वगळली तर कार्यक्रम धोक्याचा ठरतो. गोळ्यांचा डोस तोच ठेवून व्यायाम वाढवला की साखर उतरते, आणि या वयात साखर उतरली की माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते.

दुर्बलता ओळखण्याचे सर्वाधिक वापरले जाणारे निकष लिंडा फ्राइड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले: वर्षभरात नकळत साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, सतत थकवा, मुठीची कमजोर पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. पाचांपैकी तीन किंवा अधिक असतील तर व्यक्ती दुर्बल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. मधुमेहात ही घसरण लवकर होते, कारण इन्सुलिनचा परिणाम घटल्याने स्नायू नीट पोसले जात नाहीत, पायांच्या नसा बधिर होतात, आणि त्यात पथ्याच्या नावाखाली जेवणच कमी होते.

या पद्धतीची मोठी चाचणी म्हणजे युरोपातील सात देशांत झालेला ‘मिड-फ्रेल’ अभ्यास. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सत्तरीपुढच्या ९६४ मधुमेहींपैकी एका गटाला १६ आठवडे ताकदीचा व्यायाम, शिक्षणाची सात सत्रे आणि सैल उद्दिष्टे (एचबीएवनसी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ७ ते ८ टक्के, वरचा रक्तदाब १५० च्या आत) देण्यात आली. वर्षाअखेरीस त्यांचा शारीरिक क्षमतेचा गुणांक (चाल, उठ-बस आणि तोल यांच्या चाचण्यांचा, एकूण बारा) नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ०.८५ ने जास्त होता. बारापैकी एवढा फरक कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात तो आधाराशिवाय शौचालयातून उठता येणे आणि न येणे यांमधला असू शकतो.

कोकणातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२, तर सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. मुलगे मुंबईला आणि घरात एकटी आई किंवा म्हातारे जोडपे, हे चित्र वाडीवाडीवर आहे. डोंगरउतारावरची घरे, जांभ्याच्या उंच-सखल पायऱ्या आणि लांबचा एसटी थांबा यामुळे पायांतले बळ गेले की माणूस दवाखान्यालाही मुकतो. म्हणून येथे कार्यक्रम घराच्या पडवीत किंवा वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात घेणे व्यवहार्य ठरते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्यातून एकदा ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागाची तरतूद आहे. औषधांची फेरतपासणी त्या दिवशी करून घेता येते.

सुरुवातीची तपासणी

पडवीत खडूने चार मीटर अंतर आखून नेहमीच्या चालीने लागणारा वेळ मोजतात. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावतात. स्नायूंच्या झिजेच्या आशियाई निकषांनुसार त्याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर क्षमता कमी मानतात. मग पावले जुळवून, अर्धी पुढे ठेवून आणि एकामागे एक ठेवून दहा-दहा सेकंद उभे राहणे. आडवे झोपलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब घेतात. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर आधी औषधे पाहावी लागतात. छातीत दुखणे, १८०/११० च्या वरचा रक्तदाब किंवा डोळ्याच्या पडद्यातला ताजा रक्तस्राव असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवतात. पायाला उघडी जखम असेल तर उभ्याचे प्रकार वगळून बसूनच करतात.

व्यायाम

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, सुमारे पाऊण तास. वेळ न्याहारीनंतर तास-दीड तासाची. उपाशीपोटी कधीच नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार खुर्चीतून उठण्याचा. खुर्ची हातांची, बसायची जागा साधारण ४५ सेंमी उंच, पाठ भिंतीला टेकवलेली. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची लादीवर मागे सरकते आणि पडण्याचे प्रसंग तिथेच होतात. व्यक्तीने खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसावे, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे वाकावे आणि श्वास सोडत उठावे. उठायला दोन सेकंद, बसायला चार. खरी ताकद बसताना येते, पण बहुतेक जण तिथेच धपकन अंग टाकतात. ‘मांड्यांनी बसा’ असे दर वेळी सांगावे लागते. दुसरी चूक श्वास रोखण्याची. त्याने रक्तदाब चढतो, म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावतात. उठताच येत नसेल तर घडी केलेली गोधडी खाली घालून बैठक उंच करतात आणि आठवड्यागणिक एकेक घडी कमी करतात.

आठ-आठच्या दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती. ‘अजून दोन-तीन झाल्या असत्या’ असे वाटेल इतकाच जोर हवा. लागोपाठच्या दोन सत्रांत बारा-बारा जमल्या की हातांचा आधार काढायचा, पुढे छातीशी पाण्याची एक लिटरची बाटली धरायची. महिनाभर त्याच आठ उठाबशा चालू ठेवल्या तर ताकद तिथेच अडते. कार्यक्रम फसण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

त्याखेरीज खिडकीचे गज धरून टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे, बसून गुडघा सरळ करणे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या डोक्यावर नेणे. घोट्याला तांदळाची अर्ध्या किलोची पिशवी बांधायची तर मोज्यावरून, आणि सोडल्यावर त्वचा पाहायची. बधिर पायाला आवळलेले कळत नाही. तोल सांभाळण्याच्या प्रकारांत सोबतच्या माणसाने समोर नव्हे, कमजोर बाजूला थोडे मागे उभे राहावे.

साखर उतरणे

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सुरू करण्यापूर्वी मोजतात. १०० च्या खाली असेल तर काही खायला देऊन मग सुरुवात. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन भरून चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. पेढा किंवा चॉकलेट नको, स्निग्धांशामुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस या गोळ्या चालू असतील तर घरची साखरही लवकर पचत नाही. अशांच्या घरी ग्लुकोजची पावडरच ठेवावी.

ज्येष्ठांत घाम व थरथर नेहमी दिसेलच असे नाही. असंबद्ध बोलणे, झोपाळूपणा, अडखळती चाल हीच लक्षणे असू शकतात, आणि घरचे ‘वयामुळे बरळतात’ म्हणून सोडून देतात. व्यायामाचा परिणाम २४ तासांपर्यंत टिकतो, त्यामुळे साखर रात्रीही उतरते. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

शिक्षण

एका सत्रात एकच विषय, आणि सांगितलेले त्या व्यक्तीकडून करून घेणे. सून, शेजारीण किंवा व्हिडिओ कॉलवर मुंबईचा मुलगा, कोणीतरी हजर हवेच. गणपतीत चाकरमानी घरी येतात तेव्हा एक सत्र हमखास ठेवावे.

आहारात आधी जुनी बंधने सोडवावी लागतात. भात बंद, आंबा बंद, खोबरे बंद, मग उरते पेज आणि लोणचे. पेजेने साखर पटकन चढते आणि प्रथिने नगण्य मिळतात. किडकिडीत म्हाताऱ्या माणसाचे वजन उतरले म्हणून कौतुक करणे चुकीचे आहे. दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने, म्हणजे ५० किलोच्या आजीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, तीन जेवणांत विभागून. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १८-२० ग्रॅम, दोन अंड्यांत १२, मूठभर (३० ग्रॅम) कुळथात साडेसहा. मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, पाठोपाठ श्रावण. या काळात ताटातले प्रथिन बरेच घटते. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, दूध, आणि चालत असेल तर अंडी यांची योजना मे महिन्यातच करावी. सुकट-बांगडा खाणाऱ्यांनी तो भिजवून पाणी टाकून द्यावे, नाहीतर मीठ रक्तदाबावर जाते.

पायांसाठी रोज संध्याकाळी आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे. भाताच्या लावणीत होणाऱ्या चिखल्या (बेचक्यांतली त्वचा भिजून फाटणे) मधुमेहात जखमेचे मूळ ठरतात. अनवाणी अंगणातही जाऊ नये.

पावसाळा आणि नंतर

पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून कोणाला सत्राला बोलावू नये. जून ते सप्टेंबर घरी करायचे तीनच प्रकार (उठ-बस, टाचा उचलणे, गुडघा सरळ करणे) मोठ्या अक्षरांच्या पत्रिकेवर चित्रांसह देतात आणि आशा कार्यकर्ती किंवा शेजारी आठवड्याला विचारपूस करतात. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात सकाळी नऊच्या आत आटोपावे.

१६ आठवड्यांनी सुरुवातीच्याच चाचण्या पुन्हा घेतात. गुणांक एकाने वाढला तरी सुधारणा ठोस मानावी. आठवड्यातून दोनदा व्यायाम पुढेही चालूच राहतो. मध्येच वजन दोन किलोने घटले, पडणे झाले किंवा साखर एकदाही ७० च्या खाली गेली, तर पुढच्या सत्राआधी औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवायची. बहुतेकदा कमी करायची असते ती गोळी, व्यायाम नव्हे.