लिंबूसत्त्व वेगळं, जीवनसत्त्व सी वेगळं

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी दारात उभ्या, दोन्ही गाल लालभडक. बेसनात चमचाभर लिंबूसत्त्व कालवून लावलं होतं. "व्हिटॅमिन सीच आहे की ओ ते! सीरमला एवढे पैसे कशाला घालवायचे?" आधी गालांवर भरपूर पाणी मारायला लावलं, मग बोललो. हा घोटाळा इतक्या वेळा ऐकलाय की आता सविस्तर लिहितेच.

लिंबूसत्त्व काय असतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. ढोकळ्यात पडतं, सरबतात पडतं, देवाची तांब्याची भांडी त्यानं लख्ख होतात. ते सायट्रिक ॲसिड. चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये असतं ते ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजेच जीवनसत्त्व सी. दोन्ही पांढरी, दाणेदार, आंबट. दोन्हींच्या रेणूत सहा कार्बन, आठ हायड्रोजन. ऑक्सिजन मात्र एकात सात, दुसऱ्यात सहा. त्यात मराठीत दोन्हींच्या शेपटाला 'सत्त्व'!

खरा फरक स्वभावाचा आहे. ऊन आणि धूर यांमुळे त्वचेत फ्री रॅडिकल नावाचे अस्थिर कण तयार होतात. त्यांना एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांकडून, प्रथिनांकडून ओरबाडून घेतात. ॲस्कॉर्बिक ॲसिड स्वतःचा इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतं आणि स्वतः खर्ची पडतं. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते याला. सायट्रिक ॲसिड असा इलेक्ट्रॉन सोडत नाही.

वहिनींना हे ओट्यावरच करून दाखवलं. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेतलं आणि कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत जखमेवर लावायच्या बेटाडिनचे थेंब टाकले. एकात लिंबूसत्त्व घातलं, ढवळलं, अजून घातलं. रंग तसाच. दुसऱ्यात व्हिटॅमिन सीच्या गोळीची पूड टाकली आणि ढवळता ढवळता तपकिरी रंग गेला. गोळीची पुसट केशरी छटा तेवढी उरली. बेटाडिनमधल्या आयोडीनला इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा रंग जातो. वहिनी म्हणाल्या, "परत दाखवा." परत दाखवलं.

आंबटपणावरून सी मोजणं तर सोडूनच द्या. पेरू गोड, तरी त्यात लिंबाच्या कितीतरी पट सी असतं. लिंबाच्या 100 ग्रॅम रसात सायट्रिक ॲसिड साधारण 5 ते 6 ग्रॅम आणि सी जेमतेम 50 मिलिग्रॅमच्या आसपास. सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाला भरपूर सी मिळालं तेही सेगेद गावच्या मिरच्यांतून. 1937 साली त्याला नोबेल मिळालं. मिरचीच्या गावच्या माणसांना तरी हे ठाऊक हवं. आणि बाजारातलं लिंबूसत्त्व बहुतेक लिंबातून येतच नाही. साखरेवर किंवा मळीवर बुरशी वाढवून ते करतात.

मग लिंबूसत्त्वानं चेहरा 'उजळतो' कसा? ते वरचा मृत थर सैल करतं. डॉक्टर ठरावीक प्रमाणात वापरतात ते ठीक, पण बेसनात अंदाजानं चमचा टाकणं म्हणजे कातडी भाजून घेणं. थेट लिंबू चोळून उन्हात जाणं त्याहून वाईट, फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

मला सगळ्यात चीड येते ती क्रीमच्या यादीत शेवटी सायट्रिक ॲसिड दिसलं की "यात सी आहे" म्हणून गळ्यात मारणाऱ्यांची. तिथं ते आम्लता जुळवायला चिमूटभर घातलेलं असतं. सी हवं तर ॲस्कॉर्बिक ॲसिड हे नाव शोधा, यादीत वरच्या बाजूला. सुरुवातीला 10 टक्के पुष्कळ झालं; 20 टक्क्यांच्या वर जाऊन फायदा वाढत नाही, आग मात्र वाढते. सकाळी लावा आणि वरून सनस्क्रीन लावाच, कारण सी ऊन अडवत नाही.

बाटली गडद काचेची, छोटी घ्या आणि झाकण घट्ट लावा. हवा लागली की सी बाटलीतच खर्ची पडतं. फिकट होतं ते काकवीच्या रंगाचं झालं, तर कितीही महाग असू दे, टाकून द्या.