वाळा : नराशिवाय पिढ्या चालवणारा साप

मृगाच्या सरी पडून गेल्या की पुण्यातल्या सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. "बाथरूमच्या जाळीतून सापाचं पिल्लू आलंय, बहुतेक नागाचं!" सर्पमित्र पोहोचेपर्यंत घरातल्या कुणीतरी त्या जिवावर मीठ नाहीतर फिनेल ओतलेलं असतं. खरं तर ते नागाचंही नसतं आणि पुष्कळदा पिल्लूही नसतं. जमिनीत पाणी मुरून भेगा भरल्या म्हणून वर आलेला, पूर्ण वाढलेला वाळा असतो तो.

लांबी वीतभरही नाही, जाडी बुटाच्या लेसइतकी, रंग काळपट तपकिरी. गांडुळाच्या अंगावर वलयं असतात, वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले. इतर बहुतेक सापांना पोटाखाली आडवे रुंद खवले असतात. वाळ्याला ते नाहीत, पाठीपोटाला सगळीकडे सारखेच. भिंगातून पाहिलं तर डोक्यावरच्या खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतात. तेच डोळे. उजेड आणि अंधार यापलीकडे त्यांना फारसं काही कळत नाही. तळहातावर घेतला की वाळा बोटांच्या फटीत डोकं खुपसतो आणि शेपटीच्या टोकाचा बारीक काटा कातडीत रोवतो. माणसं दचकतात ती इथे, पण हा दंश नव्हे. मातीत पुढे सरकताना रेटा द्यायला तो काटा असतो. वाळ्याला विष नाही, आणि तोंड इतकं लहान की माणसाला चावणं त्याला जमतच नाही.

पुष्कळजण त्याला मांडुळाचं पिल्लूही समजतात. पण नात्याने पाहिलं तर मांडूळ वाळ्यापेक्षा नागाला जवळचं. नाग, मण्यार, घोणस, धामण, अजगर, मांडूळ ही सगळी मंडळी सापांच्या वंशवृक्षाच्या एका मोठ्या फांदीवर बसतात. वाळा आणि त्याचे भाऊबंद या फांदीपासून डायनासोरांच्या काळातच वेगळे झाले. जगभरात त्यांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. २००८ साली बार्बाडोस बेटावरून नोंदवलेला, जेमतेम १० सेंटिमीटरचा, जगातल्या सर्वांत लहान सापांपैकी एक त्यांच्यातलाच. आपल्या दख्खनच्या पठारावरही एक थोराड भाऊ आहे, चोचीचा वाळा. तो फक्त भारतात सापडतो आणि ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो.

या सापांना 'आदिम' म्हणण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. फांदी लवकर फुटली म्हणून वाढ तिथेच थांबली असं होत नाही. बदलायला नागाला जेवढा काळ मिळाला तेवढाच वाळ्यालाही मिळाला. त्याचं खाणंच बघा. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी, अळ्या, कोष हे त्याचं अन्न. खालच्या जबड्याला दात नाहीत; वरच्या जबड्याचे दात भराभर पुढेमागे हलवून तो घास आत ओढतो. मोठी वाळवी मिळाली, तर कधी कधी तिचं डोकं जमिनीवर घासून तोडतो आणि उरलेलं अंग गिळतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली हे प्रसिद्ध केलं. वाळवीचं डोकं गिळलं तरी त्याला पचत नाही, ते विष्ठेतून तसंच बाहेर पडतं.

पण या सापाची खरी थोरवी पुनरुत्पादनात आहे. वाळ्यात नर नाहीत. सापडतो तो प्रत्येक वाळा मादी असतो आणि ती समागमाशिवाय अंडी घालते. त्यातून निघतात त्याही माद्याच. अजगरासारख्या काही सापांच्या माद्यांनी नराविना पिल्लं दिल्याच्या नोंदी आहेत, पण तो अपवाद. कायम याच पद्धतीने वंश चालवणारी सापाची ज्ञात जात ही एकच. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोन संचांऐवजी तीन संच असतात. नर-मादीच्या पुनरुत्पादनात संचांची समान वाटणी व्हावी लागते, आणि तिनाची वाटणी नीट होत नाही. या सापाने ती अडचणच ओलांडली आहे.

त्यामुळे नव्या मुलखात वसाहत करायला एकच वाळा पुरतो, आणि तो कुंडीतल्या मातीतून बिनबोभाट प्रवास करतो. हवाई बेटांवर तो १९३० साली आढळला, फ्लोरिडात १९७९ साली. आज आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको अशा दूरदूरच्या प्रदेशांत तो रुळला आहे. मूळचा मात्र तो आपल्या दक्षिण आशियाचा. पॅट्रिक रसेल यांनी भारताच्या पूर्वेकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांचं जे वर्णन १७९६ साली छापलं, त्यात तो आहे. इंग्रजीत घोणसीला ज्यांचं नाव दिलं गेलं तेच हे रसेल. त्याच वर्णनाच्या आधारे दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ साली वाळ्याला शास्त्रीय नाव दिलं. आज त्याच किनाऱ्याकडच्या, आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या रोपवाटिकांतून पुण्याच्या नर्सऱ्यांत ट्रक भरभरून रोपं येतात. मुळांभोवतीच्या मातीतून अधूनमधून वाळेही येत असणार. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेने आणलेल्या कुंडीत असा एखादा निघाला, तर तो इथला की तिथला हे रंगरूपावरून ओळखता यायचं नाही. त्याला ओली माती आणि मुंग्यांची अंडी मिळाली की झालं.