माळढोकासाठीचा सरकारी पैसा (सोलापूर)

माळढोक पक्षी संपत चाललाय म्हणून त्याला टिकवायला केंद्र आणि राज्य सरकार जो खर्च करतं त्याची ही नोंद, आणि सोलापुरात हा विषय निघाला की गाडी बार्शी रोडनं सरळ नान्नजलाच जाते, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या गावाला, शहरापासून साधारण २० किमी. पक्षी भारदस्त, नर १५ किलोपर्यंत भरतो, पण मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते, तेपण उघड्या माळावर, त्यामुळं कुत्र्यानं ते उचललं की गेलंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण, आणि २०११ पासून संकटातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त. आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास धरतात, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते.

गंमत म्हणजे नान्नजच्या माळढोकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला पैसा त्याच्यासाठी आलेलाच नव्हता. सत्तरच्या दशकात दुष्काळी भागासाठीच्या अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथल्या माळावर चराई बंद करून गवताचे प्लॉट राखले, हेतू माती आणि चारा, पण गवत वाढलं, नाकतोडे वाढले आणि माळढोक त्या प्लॉटमध्ये यायला लागले. मग १९७९ ला अभयारण्य जाहीर झालं, आणि क्षेत्र किती तर जवळपास ८,४९६ चौ.किमी., सोलापूर आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके आत! त्यात बहुतेक जमीन खासगी, वनखात्याची कुरणं म्हणजे मधेमधे ठिगळं. लोक वैतागले, जमिनीचं काहीही करायचं म्हटलं की माळढोक आडवा, असं गावोगाव ऐकू यायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौ.किमी. वर आलं.

पैसा येतो कुठून? अभयारण्याच्या कामांना केंद्राची वन्यजीव अधिवास विकास योजना आहे, त्यात आपल्यासारख्या राज्यांना केंद्र ६० टक्के देतं, राज्यानं ४० घालायचे. याच योजनेत अतिसंकटग्रस्त प्रजातींसाठी वेगळा भाग आहे, त्यात माळढोक आहे. दुसरी वाट कॅम्पाची, म्हणजे खाण, रस्ता, धरण यासाठी वनजमीन घेणाऱ्यांनी भरलेली भरपाई. त्यातून २०१६ ला माळढोकाचा अधिवास आणि पिंजऱ्यातलं प्रजनन यासाठी ७ वर्षांचे ३३.८५ कोटी मंजूर झाले, काम डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे. प्रजनन केंद्र मात्र झालं जैसलमेरजवळ सम इथं, नंतर रामदेवऱ्याला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही तिकडंच जन्मलं. पक्षी जिथं उरलेत तिथंच पैसा जाणार, त्यात चूक काही नाही, पण नान्नजकराला ते वाचून थोडं लागतंच.

इथल्या खर्चाचं म्हणाल तर पाणवठे, गस्त, मनोरा, रोजंदारीवरची माणसं, असं ठराविक. मधल्या काळात कुरणात ग्लिरिसिडिया लावला, हिरवं दिसतं म्हणून बरं वाटायचं, पण माळढोकाला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळ लागतो, झाडी नको, मग तीच झाडं काढायलाही पुन्हा खर्च. माळ म्हणजे पडीक रान, तिथं काहीतरी लावलंच पाहिजे, हा समज सरकारी कागदातून अजून पूर्ण गेलाय असं वाटत नाही.

खरी गोची कुरणाच्या तारेबाहेर आहे. माळढोक नुसता कुरणात राहत नाही, आजूबाजूच्या ज्वारी-भुईमुगाच्या रानात चरतो, आणि उजनी धरणाचं पाणी आलं तशी बरीच ज्वारी जाऊन ऊस आला, उसात हा पक्षी शिरत नाही. हरणानं किंवा रानडुकरानं पीक खाल्लं तर पंचनामा होतो, भरपाईची फाईल तयार होते. माळढोक शेतातले किडे खातो, नुकसान असं काही करत नाही, मग ऊस सोडून ज्वारी ठेवणाऱ्याला पैसा द्यायचा तर त्याच्या रानात पंचनामा कशाचा करणार?