पाच लाखांची रेषा: बुडत्या बँकेचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाची पार्श्वभूमी

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईत त्या महिन्याचा शेवटचा रविवार आवारात खुर्च्या मांडण्यात जातो. २०१९ साली हा रविवार २९ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी आला. त्याच्या पाचच दिवस आधी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे ‘पीएमसी’वर, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध जाहीर झाले होते आणि प्रत्येक खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा उरली होती. ज्या सोसायट्यांचा सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला राखीव निधी, त्या बँकेत होता, त्यांच्या सभासदांना ताळेबंदातील ‘बँकेतील मुदत ठेवी’ ही एरवी कोणी न वाचणारी ओळ त्या वर्षी नीट वाचावी लागली.

वाचल्यावर जे लक्षात येते ते हिशेबाने सांगतो. समजा, घोडबंदर रस्त्यावरील १२० सदनिकांच्या एका संस्थेची ६० लाखांची ठेव आहे. सदनिकेमागे हे ५०,००० रुपये झाले. परंतु बँक बुडाल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देणाऱ्या ठेव विम्याच्या दृष्टीने नोंदणीकृत संस्था म्हणजे एकच ठेवीदार, मग तिच्यात घरे कितीही असोत; आणि त्या वेळची विम्याची मर्यादा मुद्दल व व्याज धरून एक लाख होती. सदनिकेमागे ८३३ रुपये! त्यातच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७० चा कल संस्थांचा निधी सहकारी बँकांतच ठेवण्याकडे आहे. निधी सहकारी बँकेत ठेवायचा हे कायद्याने सुचवायचे आणि ती बुडाली तर १२० कुटुंबांना एक माणूस समजायचे, ही विसंगती प्रस्तुत लेखकाला आजही खटकते.

विमा मर्यादेची ही रेषा कुठून आली, हे पाहण्यासाठी १९६० सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. ठेवीदारांचा विश्वास ढासळू लागला, तेव्हा सरकारने दोन मार्ग काढले. दुर्बल बँकेच्या व्यवहारांवर स्थगिती आणून ती सक्तीने दुसऱ्या बँकेत विलीन करण्याचा अधिकार बँकिंग कायद्याच्या कलम ४५ मध्ये आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. सुरुवातीचे संरक्षण ठेवीदारामागे १,५०० रुपयांचे होते. ते पुढे टप्प्याटप्प्याने वाढले, पण मोठी वाढ बहुधा एखाद्या धक्क्यानंतरच झाली. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक ऑफ कराड अवसायनात गेली, म्हणजे मोडीत काढली गेली, आणि पुढच्याच वर्षी १ मेपासून मर्यादा ३०,००० वरून एक लाखावर नेण्यात आली. त्यानंतर जवळपास २७ वर्षे तिला कोणी हात लावला नाही.

सहकारी बँकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १ मार्च १९६६ पासून त्यांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला खरा, परंतु संचालक मंडळ, निवडणुका आणि लेखापरीक्षण यांवर राज्य सरकारच्या सहकार निबंधकाचा अंमल राहिला. या दुहेरी नियंत्रणाची किंमत २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल बँक कोसळली तेव्हा दिसली. त्यावर उपाय म्हणून २००५ पासून रिझर्व्ह बँकेने राज्य सरकारांशी सामंजस्य करार केले, पण कायदा होता तसाच राहिला.

दरम्यान २००८ चे जागतिक अरिष्ट आले. अमेरिकेने बँका वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर केली आणि करदात्यांच्या पैशावर बँका तारण्याविरुद्ध जगभर राग उसळला. पुढील वेळी तोटा आधी भागधारकांनी आणि मग बँकेला पैसे देणाऱ्यांनीच सोसावा, हा विचार त्यातून रुजला. २०१३ मध्ये सायप्रसमध्ये त्याची झळ एक लाख युरोंपेक्षा मोठ्या ठेवींना लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये हाच विचार आपल्याकडे वित्तीय तोडगा व ठेव विमा विधेयकाच्या रूपाने लोकसभेत आला. आपल्या बचतीवर टाच येणार, या धास्तीने एवढा विरोध झाला की वर्षभरातच विधेयक मागे घेतले गेले.

विधेयक गेले, प्रश्न मात्र राहिला. पीएमसीच्या कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती २१,००० हून अधिक बनावट खात्यांआड लपवलेली होती. पाठोपाठ ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर स्थगिती आली. ती मात्र १३ दिवसांत उठली, कारण स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले आणि येस बँकेचे ८,४१५ कोटींचे रोखे शून्यावर आणले गेले, म्हणजे ते घेणाऱ्यांनी तोटा सोसला. पीएमसीच्या ठेवीदारांना तोडग्यासाठी जानेवारी २०२२ पर्यंत थांबावे लागले. युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले तेव्हा पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून आले आणि मोठ्या वैयक्तिक ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांत विभागल्या गेल्या. संस्थात्मक ठेवीदारांना विम्यापलीकडच्या रकमेपैकी ८० टक्क्यांपोटी एक टक्का लाभांशाचे बेमुदत, म्हणजे परतफेडीची तारीख नसलेले, अग्रहक्क समभाग मिळाले. विधेयकाच्या वेळी ज्याची भीती होती ते इथे विधेयकाशिवायच घडले.

या दोन वर्षांत कायदाही हलला. ४ फेब्रुवारी २०२० पासून विमा पाच लाखांचा झाला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट केली. १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले; पूर्वी त्यासाठी बँक अवसायनात जाण्याची वाट पाहावी लागे. पतपेढ्या मात्र या विम्याबाहेरच आहेत, ही गोष्ट तिथे ठेव ठेवणाऱ्या अनेकांच्या गावी नसते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे या खेपेला भार एका सहकारी बँकेकडून दुसऱ्या सहकारी बँकेच्या सभासदांकडे गेला. १२० घरांच्या संस्थेला आजही एकच ठेवीदार मानले जाते, आणि पाच लाख तिथे सदनिकेमागे ४,१६६ रुपये होतात.