स्तब्ध बसलेला माणूस सेन्सरला का दिसत नाही?

गेल्या महिन्यात आमच्या इंदूरच्या ऑफिसात एक सहकारी मीटिंग रूममध्ये एकटीच बसून करार वाचत होती. दाराबाहेर हिरवा दिवा, म्हणजे खोली रिकामी. पाच-सहा जण पाहुण्यांना घेऊन थेट आत शिरले. "सेन्सर बिघडला," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तो मीच जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणून बसवला होता, आणि तो बिघडलेला नव्हता. खोलीत माणूस आहे की नाही, हे त्याला कळतच नाही. त्याला कळतो फक्त बदल.

जोडणी अगदी सोपी आहे. पांढऱ्या घुमटाचा एचसी-एसआर५०१ हा पीआयआर, म्हणजे शरीराच्या उबेचे किरण टिपणारा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि ३.३ व्होल्टचा इशारा देतो. तो ईएसपी८२६६ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाच्या एका पायाला (पिनला) जोडायचा, दुसऱ्या दोन पायांवर लाल आणि हिरवा एलईडी. सुरू केल्यावर मिनिटभर त्याला स्थिरावू द्यायचं. संध्याकाळभराचं काम. कॅमेरा नाही, त्यामुळे आत कोण बसलंय हे कुणालाच कळत नाही, आणि ऑफिसात ते तसंच असायला हवं.

खरी गंमत घुमटाच्या आत आहे. आपल्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे सुमारे ३०७ केल्विन. वस्तूच्या तापमानावरून तिच्या किरणांची तरंगलांबी सांगणाऱ्या वीनच्या नियमाने २८९८ ला ३०७ ने भागलं की ९.४ मायक्रोमीटर येतात. या तरंगलांबीच्या आसपास आपण सर्वांत जास्त अवरक्त (इन्फ्रारेड) किरण बाहेर टाकतो. अशा किरणांचा दाखला देत 'आभामंडला'चे फोटो काढून देणारे आणि त्यावरून स्वभाव सांगणारे लोक आहेत. त्यांना एक पैसाही देऊ नका. उन्हात ३४ अंशांपर्यंत तापलेलं कौलही जवळजवळ तसेच किरण टाकतं, आणि कौलाला स्वभाव नसतो.

हे किरण टिपतो एक पायरोइलेक्ट्रिक स्फटिक, म्हणजे तापमान बदललं की विजेचा इशारा देणारा स्फटिक. हा गुण अठराव्या शतकात युरोपात गाजला तो श्रीलंकेहून डच व्यापाऱ्यांनी नेलेल्या टूर्मलीन खड्यांमुळे. तापलेला खडा राख स्वतःकडे ओढायचा, म्हणून त्याला 'राख ओढणारा' असंच नाव पडलं. १८२४ मध्ये स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने या गुणाला पायरोइलेक्ट्रिसिटी म्हटलं.

अशा स्फटिकात धन आणि ऋण प्रभारांची केंद्रं एकमेकांवर बसत नाहीत, किंचित सरकलेली असतात. त्यामुळे त्याचं एक तोंड कायम धन, दुसरं ऋण. एरवी ते जाणवत नाही, कारण आजूबाजूचे सुटे प्रभार पृष्ठभागावर येऊन चिकटतात आणि हिशोब शून्य करतात. स्फटिक किंचित तापला की अणूंची थरथर वाढते, आतलं ध्रुवीकरण कमी होतं आणि चिकटलेले प्रभार एकदम जास्तीचे ठरतात. तारेतून वाहतात ते हेच. तापमान नव्या जागी स्थिरावलं की हिशोब पुन्हा शून्य. सूत्र असं: प्रवाह = पायरोइलेक्ट्रिक गुणांक × क्षेत्रफळ × (तापमानातला बदल ÷ त्याला लागलेला वेळ). बदल नाही, तर प्रवाह नाही.

त्यात सेन्सरमध्ये अशा दोन पट्ट्या उलट्या जोडलेल्या असतात. सगळी खोली सावकाश तापली, तर दोघींचे प्रवाह एकमेकांना खोडतात. घुमटावर जे षट्कोनी खण दिसतात, तो प्रत्येक खण एक छोटं भिंग असतो आणि सगळे मिळून खोलीचे पट्टे पाडतात. माणूस चालला की त्याची ऊब आधी एका पट्टीवर पडते, मग दुसरीवर: एक धन ठोका, एक ऋण ठोका. घुमट पॉलिथिलीनचा असतो, कारण हे किरण पॉलिथिलीनमधून जातात आणि काचेत अडकतात. म्हणून काचेच्या पार्टिशनबाहेरून सेन्सर लावून काहीही हाती लागत नाही.

इंदुरात मे महिन्यात आणखी एक अडचण येते. एसी बंद असेल आणि भिंतीच ३४-३५ अंशांवर गेल्या, तर माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही. तेव्हा चालणारा माणूसही निसटतो.

स्तब्ध माणसाच्या अडचणीवर २४ गिगाहर्ट्झचे छोटे रडार मॉड्यूल मिळतात. त्यांची तरंगलांबी साडेबारा मिलिमीटर, म्हणून श्वासाने हलणारी छातीही त्यांना पकडता येते. मी मात्र स्वस्त वाट धरली: दाराला चुंबक, चौकटीला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच. दार उघडलं की जुना निकाल रद्द. बंद झाल्यावर एकदा जरी हालचाल दिसली, तर आत कुणीतरी आहे, आणि दार पुन्हा उघडेपर्यंत ते बाहेर जाऊ शकत नाही. मग ते कितीही स्तब्ध बसो, दिवा लाल.

पहिल्याच रात्री रिकाम्या खोलीवर लाल दिवा सकाळपर्यंत जळत राहिला. शेवटचा माणूस बाहेर पडून दार लागलं, तेव्हा त्याच्याच हालचालीचा इशारा अजून चालू होता. हा सेन्सर एकदा दिलेला इशारा काही सेकंद धरून ठेवतो. म्हणून त्याचा वेळेचा स्क्रू पूर्ण कमीवर आणला आणि दार लागल्यानंतरचे पहिले १० सेकंद प्रोग्रॅममध्ये मोजायचेच नाहीत असं केलं. दार आपोआप लावणारा क्लोजरही बसवला, कारण दार अर्धवट उघडं राहिलं तर हा सगळा तर्क लागू होत नाही.