बिजा लावायचा तर फेब्रुवारीतच निघा

गावात वृक्षारोपणाचा दिवस ठरला की जुलैत रोपवाटिकेत गाडी जाते आणि जे मिळेल ते भरून आणते. करंज, कडुनिंब, गुलमोहर. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. बिजा मागितला, तर नव्हता.

बिजा म्हणजे विजयसार, आपल्या सागाच्या रानातलाच सोबती. खोडाला कुऱ्हाड लागली की रक्तासारखा लाल डिंक ओघळतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवा. सकाळी ते पिवळट-तांबूस होतं आणि उन्हात धरलं की निळी झाक मारतं. मधुमेहावर म्हणून लोक हे पाणी पितात, लाकूड दारांना नि बैलगाड्यांना लागतं, पाला गुरं आवडीनं खातात. एवढ्या कामाचं झाड म्हणूनच ते तुटत गेलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत बिजा आज धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. शिसम तर त्याहून पुढे, असुरक्षित गटात.

बिजाची शेंग पाहिलीय? गोल, चपटी, कडेनं कागदी पंख; मध्ये टणक घर आणि आत एखाद-दोन बिया. हिवाळा सरता सरता ती वाळते. पंख कापून, भिजवून पेरली तरी थोड्याच उगवतात, म्हणून हव्या त्यापेक्षा पुष्कळ जास्त पेराव्या लागतात. शिवाय रोप नीट धरायला वर्ष जातं. चारोळीचं उलट: बी लवकर मरतं, मे महिन्यात फळ खाल्लं की लगेच पेरायचं.

आणि बी एकाच झाडाखालचं गोळा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. सोपं असतं, पण सगळी रोपं भावंडं होतात. एका रोगानं सगळी जाऊ शकतात आणि पुढं त्यांच्यातच परागण होऊन बी कमकुवत निपजतं. दूरदूरची दहा-पंधरा झाडं फिरा. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरायचा नि सांभाळायचा गावाचा हक्क, मिळाला. त्यानंतर असा हक्क मिळालेल्या गावांना हे बी आपल्याच जंगलात सापडेल.

लावताना कन्हारात, म्हणजे भारी काळ्या चिकण जमिनीत, नको; पाणी साचलं की बिजा मरतो. बरड, उताराची जागा बघा, दहा-वीस रोपं एकमेकांजवळ लावा आणि शेळ्यांसाठी बोरीच्या काट्यांचं कुंपण आधीच घाला.